सुट्टीत मुलांना कुठे ठेवायचं? नोकरदार पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी शोध कधी सुरू करावा?

फेब्रुवारीत. मार्च उजाडला की चांगल्या पाळणाघरांतल्या सुट्टीपुरत्या जागा भरू लागतात. आजी-आजोबा येणार असतील किंवा मूल गावी जाणार असेल, तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १ मेच्या गाडीचं तिकीट मार्चच्या सुरुवातीलाच काढावं लागतं. कोकणातल्या गाड्यांसाठी दोन दिवसांचा उशीरही महागात पडतो.

त्याआधी शाळेच्या तारखा लिहून घ्या. राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस भरतात. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि सुट्टी नंतर लागते. दोन मुलं दोन वेगळ्या मंडळांच्या शाळांत असतील, तर दोन्ही कॅलेंडरं एकाच कागदावर उतरवा.

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या होतात आणि परीक्षेच्या दिवसांत मूल अकरा वाजताच घरी येतं. कागदोपत्री तेव्हा शाळा चालू असते, पण दुपार मोकळी पडते. ही दुपार हिशेबात धरायची राहून जाते आणि मग रजा त्यातच संपतात.

सगळ्यात आधी नेमकं काय ठरवायचं?

कुठलं शिबिर, कुठलं पाळणाघर हा विचार थोडा बाजूला ठेवा. एका कागदावर सकाळी आठ ते संध्याकाळी आठ असे तास मांडा आणि प्रत्येक तासापुढे त्या वेळी मुलाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्या मोठ्या माणसाचं नाव लिहा. ‘घरात कुणीतरी असतंच’ असं चालणार नाही, एकच नाव हवं. रिकामे राहिलेले रकाने म्हणजे तुमची खरी गरज.

बहुतेक घरांत हे रिकामे तास दुपारी एक ते पाच या वेळात येतात. सकाळी क्लास असतो, संध्याकाळी खाली खेळायला मुलं असतात. दुपारी मोठी माणसं झोपलेली, ऊन कडक आणि मूल कंटाळलेलं. घरातले अपघातही याच वेळी होतात. निवड करताना कुठल्याही पर्यायाला पहिला प्रश्न हाच विचारावा: या चार तासांत मुलाकडे कोण बघणार?

उन्हाळी शिबिर लावलं तर पाळणाघर लागणार नाही ना?

लागेल. बहुतेक शिबिरं आणि छंदवर्ग रोज दोन-तीन तासांचे आणि आठ ते पंधरा दिवसांचे असतात. आई-बाबा नऊ ते सात बाहेर असतील, तर तीन तासांच्या शिबिरानंतर सात तास उरतातच. शिवाय शिबिर साडेबाराला सुटतं तेव्हा आणायला कोण जाणार, हा नवा प्रश्न उभा राहतो. शिबिर शिकण्यासाठी आणि मजेसाठी असतं. मुलाचा सांभाळ ही त्यांची जबाबदारी नसते आणि त्यांनी ती घेतलेलीही नसते.

दोन्हीचा मेळ घालायचा असेल, तर पाळणाघर आधी ठरवा आणि मग त्याच्या चालत जाण्याच्या अंतरावरचं शिबिर शोधा. मधली ने-आण पाळणाघरातली ताई करणार असेल, तर ते आधी स्पष्ट बोलून घ्या. त्या वेळात बाकीच्या मुलांपाशी कोण थांबतं, हेही विचारा.

पाळणाघर बघायला जाताना काय काय तपासायचं?

जायची वेळ महत्त्वाची. सकाळी दहाला सगळी पाळणाघरं छान दिसतात. दुपारी दीड ते साडेतीनच्या दरम्यान जा. जेवणं उरकलेली असतात, काही मुलं झोपलेली, काही जागी, आणि सांभाळणारं माणूस दमलेलं असतं. तेव्हा जे दिसेल तेच तुमच्या मुलाच्या वाट्याला येणार आहे.

आधी माणसं मोजा. नोंदवहीत मुलं किती आणि त्या क्षणी खोलीत मोठी माणसं किती? स्वयंपाकात गुंतलेली बाई यात धरू नका. तीन वर्षांखालच्या चार-पाच मुलांमागे एक आणि शाळकरी दहा-बारा मुलांमागे एक माणूस असेल, तर लक्ष राहतं, असं आमचं मत आहे. सुट्टीत हे गणित बिघडतं, कारण एरवी दुपारनंतर येणारी शाळकरी मुलं मेमध्ये सकाळपासून येतात आणि माणसं मात्र तेवढीच राहतात. म्हणून ‘मेमध्ये किती मुलं असतील आणि जास्तीचं कोण येणार?’ असा नेमका प्रश्न विचारा.

मग घर बघा. गॅलरी आणि खिडक्यांना जाळी आहे का? जाळीजवळ मोडा, खुर्ची किंवा पलंग ठेवलेला आहे का? मूल त्यावर चढतं आणि मग जाळीची उंची निरुपयोगी ठरते. बाथरूमच्या आतल्या कडीपर्यंत मुलाचा हात पोचत असेल, तर ती बाहेरून उघडता येते का? पाण्याने भरलेली बादली किंवा टब उघडा आहे का? लहान मूल काही इंच पाण्यातही बुडू शकतं. फिनेल, ॲसिड आणि आजोबांच्या गोळ्या कुठे ठेवल्यात? शीतपेयाच्या बाटलीत फिनेल भरलेलं दिसलं तर दुसरं पाळणाघर शोधा. फर्निचरची चमक कमी असली तरी चालेल, यातल्या एकाही गोष्टीत तडजोड नको.

जेवणाचं विचारताना ‘काय देता?’ यापेक्षा ‘कधी शिजतं आणि कुठे ठेवता?’ हे विचारा. सकाळी आठला शिजवलेलं वरण-भात मेच्या उकाड्यात दीडपर्यंत बाहेर राहिलं, तर पोट बिघडायला तेवढं पुरतं. घरचा डबा देत असाल तर पोळी-भाजी, थालीपीठ, मेथीचा पराठा टिकतो. दही, नारळाची चटणी आणि अंडं दुपारच्या डब्यात टाळा.

ने-आणीची वही आहे का, हे शेवटी बघा. मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं, त्यांची नावं आणि फोटो पाळणाघराकडे असावेत. वहीत नाव नसलेला सख्खा काका आला, तरी आधी तुम्हाला फोन यायला हवा. हे कडकपणे पाळणाऱ्या काकू कधी कधी पालकांना तुसड्या वाटतात. आमच्या दृष्टीने तेच पाळणाघर भरवशाचं.

सीसीटीव्ही असला म्हणजे पुरे का?

नाही. कॅमेरा झालेलं दाखवतो, होणारं थांबवत नाही. असेल तर चांगलंच, पण चित्रण कोण पाहतं, किती दिवस साठवतात आणि इतर पालकांच्या मोबाइलवर तुमचं मूल दिसतं का, हे विचारून घ्या. मुलांचे फोटो जाहिरातीसाठी वापरू नयेत, असं प्रवेशाच्या अर्जावरच लिहून द्या.

पैसे कसे ठरतात? महाग काय पडतं?

तासाचा दर काढा, मग तुलना करा. समजा पाळणाघर महिन्याला ६,००० रुपये घेतं, २६ दिवस आणि रोज ९ तास. म्हणजे २३४ तास, तासाला साधारण २६ रुपये. शिबिर दहा दिवसांचं, रोज ३ तास, फी ३,००० रुपये. तासाला १०० रुपये झाले, शिवाय रिक्षा वेगळी. आकडे तुमच्या गावाचे घाला, पद्धत हीच ठेवा.

करार तोंडी असला तरी चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: अर्ध्या महिन्यात आलो तर पूर्ण महिन्याची फी का, अनामत परत कधी मिळेल, उशीर झाल्यास तासाला किती, आणि पाळणाघर स्वतः कधी बंद असेल. शेवटचा मुद्दा विसरू नका. घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्या काकू स्वतःही मेमध्ये आठ-पंधरा दिवस गावी जातात. त्या तारखा फेब्रुवारीतच कळल्या तर तुमची रजा तिथे लावता येते.

आजी-आजोबा आहेत, मग प्रश्नच कुठे आहे?

त्यांच्या ताकदीचा आहे. पंच्याहत्तरीच्या आजीला पहिलीतल्या नातवामागे दिवसभर धावणं झेपत नाही, आणि ती तसं बोलून दाखवत नाही. म्हणून त्यांच्याकडे पूर्ण दिवस न टाकता अर्धा दिवस द्या. सकाळचे चार तास मूल पाळणाघरात किंवा शिबिरात, दुपारचं जेवण आणि झोप आजीकडे. त्यांच्या औषधाच्या वेळा, दुपारची वामकुक्षी, देवळात जायची वेळ हे सगळं त्या तासांच्या कागदावर धरा. मुलं सांभाळायची म्हणून आजीची डॉक्टरांची तारीख पुढे ढकलली जात असेल, तर बेत बदलायला हवा.

घरात दोन गोष्टी करा: मोठ्यांच्या गोळ्यांचा डबा मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर, आणि आजीच्या फोनमध्ये तुमचा नंबर एका बटणावर. गावाहून एसटीने येणार असतील, तर ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना राज्याच्या एसटीत मोफत प्रवास आहे आणि महिलांना अर्धं तिकीट. ओळखपत्र बरोबर असू द्या.

महिनाभर गावी पाठवायचं आहे. काय काळजी घ्यावी?

गावची सुट्टी मुलाला खूप काही देते. झाडावरचे आंबे, करवंदं, चुलत-मावस भावंडांचा गोतावळा, मोकळं अंगण. जमत असेल तर जरूर पाठवा. मात्र शहरात वाढलेल्या मुलाला तिथले धोके ठाऊक नसतात आणि गावच्या माणसांना ते सवयीचे झालेले असतात. दोघांनाही सांगावं लागतं.

विहीर पहिली. कठडा नसलेली किंवा कमी उंचीचा कठडा असलेली विहीर घराजवळ असेल, तर जाळी बसवून घ्या. नाही जमलं तर मोठ्या माणसाशिवाय तिकडे जायचं नाही, हा नियम आजोबांच्या तोंडून मुलाला सांगा. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवतात, तेव्हा दोर बांधलेला हवा आणि पोहता येणारा मोठा माणूस काठावर न थांबता पाण्यात हवा. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते गप्प खाली जातं.

दुसरा विंचू. कोकणात लाकडांच्या ढिगाखाली, चिरेबंदी गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) फटीत, बाहेर ठेवलेल्या चपलेत तो सापडतो. चपला झटकून घालायची आणि अंथरूण झाडून झोपायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. लाल विंचवाचा दंश मुलाला मोठ्यांपेक्षा जास्त घातक असतो. घाम सुटणं, उलट्या आणि हातपाय गार पडणं ही धोक्याची लक्षणं. मांत्रिक, कांद्याचा रस, दंशाच्या जागी काप, यात वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे प्राझोसिन या साध्या गोळीने असे रुग्ण वाचू लागले. गोळी देणं मात्र डॉक्टरांचं काम. साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, मुलाला चालवू नका, चावलेला भाग हलू न देता न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि ग्रामीण रुग्णालयाचा नंबर आधीच घराच्या दाराला चिकटवा.

कुत्रं चावलं किंवा ओरखडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हळद-चुना लावू नये. मुलं कुत्र्याचा ओरखडा लपवतात, कारण रागवतील अशी भीती असते. ‘सांगितलंस तर कुणी रागावणार नाही’ हे जाताना दोनदा सांगा.

घरीच मावशी ठेवावी का?

दोन मुलं असतील किंवा मूल तीन वर्षांखालचं असेल, तर हा पर्याय बरा पडतो. एकाच मोठ्या मुलासाठी पाळणाघर अनेकदा स्वस्त आणि आनंदाचं ठरतं, कारण तिथे सोबत मिळते.

मावशी सुट्टीच्या पहिल्या दिवशी नवी नसावी. आधीचे पाच-सहा दिवस तुम्ही घरी असताना त्यांना बोलवा, त्याचे पैसे द्या आणि मूल त्यांच्याकडे किती वेळात जातं ते बघा. आधार कार्डाची प्रत, फोटो, गावचा पत्ता घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात पडताळणीचा अर्ज करा. आधी ज्या घरी काम केलं, त्या घरी स्वतः फोन करून ‘काम का सुटलं?’ हे विचारा.

काम ठरवतानाच सांगा की मुलाला सांभाळणं हे काम आहे, भांडी-धुणं नाही. एकाच बाईकडून दोन्हीची अपेक्षा ठेवली, तर मूल टीव्हीपुढे बसतं. दोष मग त्यांना देऊ नये.

ओळखीतली बारा-तेरा वर्षांची मुलगी ‘बाळाशी खेळायला’ ठेवायची पद्धत अजून दिसते. ती थांबायलाच हवी. १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पूर्ण बंदी आहे, आणि ती मुलगीही सुट्टीवरच आहे.

सोसायटीतल्या चार घरांनी मिळून आळीपाळीने मुलं सांभाळली तर?

सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी फार छान पर्याय आहे. चार घरांनी आठवड्यातून एकेक दिवस घ्यायचा, पाचवा दिवस पाळीने. एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त मुलं नकोत. दुपारचं जेवण यजमान घरी, डब्याची भानगड नको. मोबाइल किती वेळ, खाली उन्हात जायचं का, मारामारी झाली तर कोण बोलणार, हे चारही घरांनी आधी बसून ठरवा. ही व्यवस्था मोडते ती बहुतेक दोन कारणांनी: एक घर सतत पाळी चुकवतं, किंवा एका घरी मुलं चार तास स्क्रीनवर असतात आणि दुसऱ्या घराला ते खटकतं. ॲलर्जीची यादी चारही स्वयंपाकघरांत लावा. काजू, शेंगदाणे, अंडी, दूध, जे असेल ते.

दहा-बारा वर्षांचं मूल पाळणाघरात जायला तयार नाही. घरी एकटं ठेवता येईल?

एकटं ठेवण्यासाठी अमुक वय असा आकडा आपल्या कायद्यात नाही, पण मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केल्यास बाल न्याय कायद्याखाली जबाबदारी येते. बारा वर्षांखाली दिवसभर एकटं ठेवू नये, असं आम्ही म्हणू. त्यापुढेही आधी अर्धा तास, मग एक तास, मग दोन, असं महिनाभर वाढवत न्या. आतली कडी लावता-काढता येणं, गॅसचा रेग्युलेटर बंद करता येणं, तुमचा नंबर आणि आपत्कालीन ११२ पाठ असणं, दारावर कुणी आलं तर दार न उघडता बोलणं, एवढं जमल्याशिवाय नाही. शेजारच्या काकूंकडे चावी असू द्या. धाकट्याला सांभाळायची जबाबदारी बारा वर्षांच्या मुलावर टाकू नका.

या वयासाठी सकाळी पोहणं किंवा मैदान, दुपारी ग्रंथालय आणि मग एखाद्या घरी दोन मित्र, असा दिवस बसतो. पोहण्याच्या क्लासला जीवरक्षक पाण्याकडे बघत उभा असतो की मोबाइलकडे, हे काठावर पंधरा मिनिटं उभं राहून स्वतः पाहा.

निवासी शिबिराला किती वयापासून पाठवावं?

जे मूल आजोळी किंवा मित्राकडे आई-बाबांशिवाय दोन रात्री राहिलेलं आहे, तेच तयार. गिर्यारोहण, रॅपलिंग, राफ्टिंग असेल तर आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का ते मागा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात ती अपेक्षित आहे. मुलींच्या निवासात रात्री कोण महिला थांबते, मुलाला रोज घरी फोन करू देतात का, आणि जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे तीन प्रश्न विचारा. ‘फोन करू दिला की मुलं रडतात’ असं सांगून संपर्क पूर्ण तोडणाऱ्या शिबिराला आम्ही पाठवणार नाही.

ऑफिसमध्ये पाळणाघर मागता येतं का?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या तरतुदीनुसार ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. ही सोय मुख्यतः लहान मुलांसाठी असते, आठ वर्षांच्या मुलाला ती मिळेलच असं नाही. तरी सुट्टीपुरती मोठी मुलं घेतात का, असं लेखी विचारा. तोंडी विचारणा विसरली जाते.

उन्हाळ्यात तब्येतीबद्दल पाळणाघराला काय सांगून ठेवायचं?

बारा ते चार मैदानावर न्यायचं नाही. पाण्याची बाटली नाव घालून, आणि दर तासाला प्यायची आठवण. जुलाब-उलट्या लागल्या तर जलसंजीवनी: पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट अंदाजे ग्लासात टाकलं की क्षारांचं प्रमाण चुकतं आणि मूल अधिक बिघडू शकतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. औषधं तुमच्या लेखी चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, तापाचंसुद्धा, कारण सिरपची मात्रा वजनावर ठरते.

मूल रोज सकाळी ‘मला नाही जायचं’ म्हणून रडतं. काय समजायचं?

पहिला आठवडा रडणं साधारण असतं. पोचवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत खेळायला लागतं का, हे काकूंना न विचारता पाठीमागून डोकावून बघा. पहिले तीन दिवस दोन-दोन तास ठेवून वेळ वाढवला, तर बरीच मुलं रुळतात.

काही बदल मात्र वेगळे असतात. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, एका ठरावीक माणसाचं नाव निघताच गप्प होणं, कपडे बदलताना दचकणं, न सांगता येणाऱ्या जागी खुणा. असं काही दिसलं तर मुलाला प्रश्नांच्या फैरीत अडकवू नका. ‘काय झालं ते सांग, मी ऐकतोय’ एवढं म्हणा, त्याचेच शब्द लिहून ठेवा आणि त्या दिवसापासून तिथे पाठवणं थांबवा. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा किंवा पोलीस ठाण्यात जा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली असा गुन्हा कळल्यावर कळवणं बंधनकारक आहे, मग तो माणूस कितीही जवळचा असो. पाळणाघराशी ‘आपापसात मिटवून’ घेऊ नका, तिथे दुसरी मुलंही आहेत.

ऐनवेळी पाळणाघर बंद पडलं किंवा मूल आजारी पडलं तर?

यासाठी सुट्टी सुरू होण्याआधीच दोन नावं ठरवा: एक शेजारचं, एक नातेवाइकांतलं. दोघांना तसं स्पष्ट विचारून होकार घ्या आणि मुलाला त्यांच्याकडे एकदा दोन तास राहून येऊ द्या. आई आणि बाबा दोघांनी मिळून चार-पाच रजा राखून ठेवा, आणि पहिल्या दिवशी कोण घरी थांबणार हे आधीच ठरवा. सकाळी सात वाजता, तापलेलं मूल कडेवर असताना ही चर्चा करायची वेळ येऊ नये. ताप उतरल्यावर २४ तास औषधाशिवाय बरं राहिलं की मगच मूल परत पाठवा. पाळणाघरही हा नियम सगळ्यांना सारखा लावतं ना, ते प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.